हर्सोनिसोसच्या मागच्या डोंगरात

क्रीट बेटावरचं हर्सोनिसोस म्हणजे समुद्राला लागून हॉटेलं, बार आणि छत्र्यांखालच्या खुर्च्यांची रांग. हेराक्लिओन विमानतळ जवळ पडतो म्हणून आम्हीही (मी, नवरा आणि आई) तिथेच खोली घेतली. पण सहा दिवसांतला मनात घर करून राहिलेला दिवस समुद्राचा नाही, मागच्या डोंगरातल्या गावांचा.

अगदी जवळची गावं तीन: कुतुलुफारी, पिस्कोपियानो आणि जुनं हर्सोनिसोस. चढ चढायची तयारी असेल तर पायीसुद्धा जाता येतं. दगडी गल्ल्या, बोगनवेली, एकाला लागून एक खानावळी. छान आहेत, पण आता पर्यटकांवरच चालतात. तिथे संध्याकाळी जेवायला जा. गाव बघायचं तर आणखी वर जायला हवं.

आमची पहिली खेप वाया गेली. दुपारी अडीचला मोखोसला पोचलो तर चौकात चिटपाखरू नाही. दोनपासून पाचपर्यंत इथली गावं दारं लावून झोपतात. दुसऱ्या दिवशी नऊच्या आत निघालो, आणि तोच चौक गजबजलेला. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे, १९८६ मध्ये ज्यांची हत्या झाली ते, उन्हाळ्यात याच गावात येऊन राहत. त्यांचं घर अजून आहे.

तिथून वर क्रासी. रस्ता वळणावळणाचा, आणि गावात शिरताच समोर ते झाड. बुंध्याचा घेर वीस मीटरच्या वर, आत पोकळी. वय दोन हजार वर्षं, असं सांगतात. आईने एक पान उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा तर चिनार!" खरंच, काश्मीरचा चिनार तो हाच. झाडासमोर दगडी कमानींखाली झऱ्याचं पाणी. एक आजी कॅन भरत होत्या. आई रिकामी बाटली घेऊन मागे उभी राहिली, तर त्यांनी आपला कॅन बाजूला सरकवला आणि हातानेच सांगितलं, आधी तुम्ही. पाणी इतकं गार की बाटलीवर लगेच दव धरलं. तिथे दोन तास बसलो. पाच गावांना धावत भेट देण्यापेक्षा एका झाडाखाली असं बसावं, असं मला मनापासून वाटतं.

कॉफी मागताना साखरेचं आधीच सांगावं लागतं: बिनसाखरेची 'स्केतो', मध्यम 'मेत्रियो', गोड 'ग्लिको'. गाळ खाली बसू द्या, ढवळू नका. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि ताजं चीज घातलेला 'दाकोस', सॉसमध्ये शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बियांचे 'यिगांदेस', उकडलेली रानभाजी 'होर्ता'. जेवणानंतर राकीचा छोटा ग्लास बहुधा न मागता येतो. गाडी चालवणाऱ्याने हात लावू नये.

क्रासीच्या पुढेच केरा कार्दिओतिसाचा मठ आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला जी मेरी माता पुजली जाते, तिचं मूळ चित्र रोममध्ये आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते क्रीटहून नेलं गेलं अशी परंपरा आहे, आणि ते याच मठातलं, असं इथे मानतात. आई त्या छोट्याशा अंधाऱ्या देवळात बराच वेळ हात जोडून उभी होती. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी जवळ ठेवा.

गाडी भाड्याने घ्याच. वरच्या गावांना बस फार कमी. आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्याआधी आरटीओतून काढून ठेवा. गाडी गावाच्या तोंडाशीच लावा, आतल्या गल्ल्यांत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर मागे घेत बाहेर यावं लागतं. थोडी रोख जवळ असू द्या. आणि रिकामी बाटली, क्रासीसाठी.