चिकटलं, पण कुठे?

शेजारच्या काकूंना दम्याचा पंप लागतो. मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते हे कळल्यापासून धरमपेठेच्या बाजारात भेटल्या तरी त्या विचारतात, "अगं, औषध नेमकं त्याच प्रोटीनला चिकटलं, हे तुम्हाला दिसतं कसं?" विद्यार्थ्यांचे पालकही हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

दिसत काहीच नाही. मोजावं लागतं.

काकू, तुमच्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूपेशींवरच्या बीटा-2 रिसेप्टरवर, म्हणजे पेशीला बाहेरचा निरोप पोचवणाऱ्या प्रोटीनवर बसतं. हे प्रोटीन पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जातं. पडदा स्निग्ध, म्हणून प्रोटीनचा मधला भागही स्निग्धातच सुखी. नुसत्या पाण्यात आणलं की त्याचे गोळे होतात. त्यामुळे जुन्या रीतीत ते सुटं काढतच नाहीत. पेशी फोडायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये पडद्यांचे तुकडे तळाशी बसवायचे आणि प्रोटीन त्यातच राहू द्यायचं.

मग त्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, लावलेला ओळखीचा रेणू घालायचा. इथे तो डायहायड्रोअल्प्रेनोलॉल. थोड्या वेळाने मिश्रण काचतंतूंच्या फिल्टरमधून ओढायचं. पडदे वर अडकतात, सुटे रेणू खाली जातात. फिल्टर बर्फगार बफरने झटपट धुवायचा, कारण उष्णतेत बसलेले रेणू भराभर सुटतात. बाहेर मे महिन्याचं 45 अंश असलं की बाटली बर्फातून निघताच माझा हात आपोआप वेग धरतो. उरलेला किरणोत्सार सिंटिलेशन काउंटर मोजतो. तपासायचा नवा रेणू सोबत घातल्यावर काउंट घटला, तर तो त्याच जागेवर हक्क सांगतोय.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा काउंट भरघोस आले. आनंदाने आईला फोनही केला. मॅडमनी वही पाहून एवढंच विचारलं, "कोल्डची ट्यूब कुठे आहे?"

कोल्ड म्हणजे ट्रिटियम नसलेला रेणू, तोही भरपूर. आम्ही प्रोप्रानोलॉल वापरायचो. तो रिसेप्टरच्या सगळ्या जागा अडवतो. तरीही जो काउंट उरतो, तो रिसेप्टरचा नव्हेच, म्हणून एकूणातून वजा करायचा. रेणू पडद्याच्या चरबीला नाहीतर काचेला चिकटलेले असतात. दुसऱ्या दिवशी कोल्ड घातलं आणि काउंट जवळजवळ तेवढेच राहिले. माझं सगळं यश फिल्टरला चिकटलेलं होतं. मग रेणू काचेला कमी चिकटावेत म्हणून फिल्टर पॉलिइथिलीनइमिन नावाच्या रसायनात भिजवून घेतले, पडदे पुन्हा तयार केले. दोन ट्यूबमधला फरक उघड दिसायला आणखी तीन आठवडे गेले. चिकटणं स्वस्त असतं, म्हणून वजाबाकीशिवाय आलेल्या कुठल्याही आकड्यावर मी आज विश्वास ठेवत नाही.

आता प्रोटीन लिपिडच्या नॅनोडिस्कमध्ये, म्हणजे स्निग्ध पडद्याच्या इवल्याशा चकतीत बसवून किरणोत्साराशिवायही बंधन मोजता येतं. 2007 मध्ये बीटा-2 रिसेप्टरची त्रिमितीय रचनाही मिळाली, आणि 2012 चं रसायनशास्त्राचं नोबेल रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना अशाच रिसेप्टरांवरच्या कामासाठी मिळालं. कोल्डची ट्यूब मात्र मी अजून प्रत्येक रॅकमध्ये लावते.

आणि काकू, बसणं कळलं म्हणजे काम कळलं असं नाही. साल्ब्युटामॉल त्या जागी बसून रिसेप्टर चालू करतं. प्रोप्रानोलॉल तिथेच बसून वाट अडवतं, म्हणून दमेकऱ्यांना ते देणं टाळतात. फिल्टरवर दोघं सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक कळायला जिवंत पेशी घेऊन आतलं सायक्लिक एएमपी, म्हणजे रिसेप्टर चालू झाल्याचा निरोप पेशीत नेणारा छोटा रेणू, वाढलं का, ते मोजावं लागतं.