स्पेसर लावून घाट चढलो, पुढचे काढून उतरलो

दोन दिवस, सव्वासहाशे किलोमीटर, त्यातले शंभरेक निव्वळ घाटाचे. फिरायला जायचं हे निमित्त होतं, खरं काम गाडी तपासायचं होतं, कारण गेल्या दोन महिन्यांत मी गाडीखाली बरंच काय काय बदललंय आणि रोजच्या ट्रॅफिकमधे त्यातलं काहीही कळत नाही. हाच घाट मी आधी गाडी कंपनीतून आली तशीच असताना केलेला, त्यामुळे तुलना करायला बरं. सोबत एक मित्र, ज्याला गाड्यांतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि जो ते वारंवार दाखवूनही देतो.

गाडी साधी हॅचबॅक, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेलं सस्पेन्शन), मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा पिळला जाणारा दांडा). बदललेलं काय तर चारही शॉकअप थोडे कडक, ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, मागे जाडसर अँटी रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा), आणि निघायच्या चार दिवस आधी घाईघाईत बसवलेले स्पेसर (चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामधे घालायच्या जाड चकत्या, त्या चाक बाहेर ढकलतात), पुढे १५ मिमी आणि मागे २०. स्पेसर खरं सांगायचं तर दिसायला घेतले, चाकं फेंडरच्या आत दडून बसल्यासारखी वाटायची. मित्राला सांगितलं हँडलिंगसाठी घेतलेत. तो म्हणाला, "हो का."

हायवेला लागलो आणि नव्वदच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग तर आठवड्यापूर्वीच केलेलं. सत्तर किलोमीटरवर एका पंपावर बाजूला घेतली, तसंही स्पेसर लावल्यावर ५० ते १०० किमीच्या आत नट परत टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराला टिक करणारा पाना) तपासायचेच असतात. हबवर राहिलेला गंज, रंग, कचरा हे सगळं दाबलं जातं आणि आवळलेला नट आपोआप ढिला पडतो. माझा पुढच्या डाव्या चाकाचा एक नट चक्क पाव वेढा फिरला! बसवताना हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासायला हवा होता, मी फडक्याने पुसला होता. आळस, दुसरं काय.

थरथरीचं कारण मात्र वेगळं निघालं. हबच्या मध्यभागी एक गोल ओठ असतो, चाक त्याच्यावर बसतं म्हणून बरोबर मध्यात राहतं. माझ्या गाडीला हा ओठ साधारण १० मिमीचा, म्हणजे १५ मिमीच्या स्पेसरने तो पूर्ण गिळला, आणि माझ्या पुढच्या स्पेसरला बाहेरच्या बाजूने स्वतःचा ओठच नाही. आता चाक मध्यात धरायला फक्त नटांचे कोन (निमुळते उतार) उरले, आणि गाडी खाली टेकवून एकेक नट आवळला की चाक केसभर सरकतं. जॅकवर चाक हवेत ठेवून नट समोरासमोर थोडे थोडे आवळले, मग खाली घेऊन पूर्ण टॉर्क दिला, तर थरथर निम्म्यावर आली, गेली नाही. घेणार असाल तर दोन्ही बाजूंनी मापाचा, आतून तुमच्या हबवर घट्ट बसणारा आणि बाहेर स्वतःचा ओठ असलेलाच घ्या. "सगळ्या गाड्यांना चालतो" असं लिहिलेला स्पेसर म्हणजे कुठल्याच गाडीला नीट न बसणारा.

दुसरी गोष्ट, स्टिअरिंग रस्त्याचं ऐकायला लागलं होतं, माझं नाही. ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी स्वतःच डावी-उजवी जायची. माझी चाकं ईटी ४५ ची (ईटी म्हणजे हबला टेकणारी जागा चाकाच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते; आकडा कमी तितकं चाक बाहेर), १५ मिमी स्पेसरने ती झाली ईटी ३०. चाक वळतं तो अक्ष खाली वाढवला तर रस्त्याला जिथे टेकेल ती जागा आणि टायरचा मध्य यांतलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस, तो सरळ १५ मिमीने बदलला. कंपनी हे अंतर फार मोजून-मापून ठेवते. ते बाहेर सरकलं की प्रत्येक खड्डा, प्रत्येक चाकोरी लांब दांड्याने स्टिअरिंगला ओढते, आणि एक चाक खडीवर असताना ब्रेक दाबला तर गाडी एका अंगाला खेचते. हे मी करून बघितलं, मोकळ्या जागेत, कमी वेगाने. आवडलं नाही.

घाट सुरू झाला आणि मूड बदलला. आधी याच वळणांवर नाक बाहेर पळायचं, स्टिअरिंग अजून वळवलं तरी गाडी सरळच जाऊ बघायची. आता मागचा बार वळणात मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त वजन घेतो, त्यामुळे पुढच्या टायरांना पकड उरते आणि गाडी वळणात शिरते. शॉकअपमुळे एका वळणातून लगेच उलट्या वळणात जाताना गाडी डुलत राहत नाही, एकदाच कलते आणि बसते. हा फरक मित्रालाही पटला, म्हणजे तो काही बोलला नाही. ओल्या रस्त्यावर मात्र जपून, हाच बार मागचं टोक निसटायलाही मदत करतो आणि वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की जास्तच.

मग स्पेसरने वळणात काय दिलं? हिशोब करून बघा. वळणात बाहेरच्या चाकांवर किती वजन जातं हे गाडीच्या वजनाच्या केंद्राची उंची भागिले दोन चाकांतली रुंदी यावर ठरतं. रुंदी साधारण १४८० मिमी, त्यात पुढे दोन्ही बाजूंचे मिळून ३० मिमी वाढले, म्हणजे दोन टक्के. दोन टक्के मला सीटवर बसून कळले नाहीत, स्टिअरिंगचा बिघाड मात्र पहिल्या पाच मिनिटांत कळला.

वरच्या टप्प्यात रस्ता उखडलेला आणि वळणं एकदम हेअरपिन. पूर्ण वळवलेलं चाक आणि त्यात खड्डा, की पुढे डावीकडून खर्रर्र. टायर आतल्या प्लास्टिकला घासत होता. घरी तपासताना मी गाडी उभी करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकाला फिरवलं होतं आणि समाधान मानलं होतं. पण घासतं ते सस्पेन्शन दाबलेलं असताना, म्हणून तपासणी जॅकने एकच चाक वर दाबून किंवा गाडीत माणसं भरून करायची. शिवाय गाडी खाली घेतली की सस्पेन्शनला दबायला जागाच कमी उरते, दोनदा बंप स्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरावर) आपटली.

खाली घेण्याबद्दल अजून एक, कारण लोक ५०-६० मिमी खाली घेतात. मॅकफर्सनमधे गाडी खाली आली की खालचे आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे दांडे) बाहेरच्या टोकाला वर कलतात आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली जातो. म्हणजे कलायला लावणारा दांडा, या दोन बिंदूंतलं अंतर, उलट लांब होतो! कडक स्प्रिंग ते झाकते एवढंच. ३० मिमीपेक्षा जास्त खाली घ्यायचा माझा तरी विचार नाही.

वर पोचून पुढचे स्पेसर काढायचं ठरवलं, आणि इथे मित्राने वाचवलं. १५ च्या स्पेसरसाठी मी पुढे लांब स्टड (हबमधून बाहेर येणारे, ज्यांच्यावर नट बसतात ते खिळे) बसवून घेतलेले. स्पेसर काढल्यावर ते स्टड १५ मिमी जास्त बाहेर येणार, आणि माझे मूळ नट तोंड बंद असलेले. असा नट आत जाऊन टोकाला अडतो, हाताला घट्ट लागतो, टॉर्क पानाही टिक करतो आणि चाक मात्र सैलच. मित्राने निघतानाच आरपार भोकाचे, त्याच कोनाचे आठ नट पिशवीत टाकले होते. मी तेव्हा हसलो होतो. उलट्या बाजूची चूकही तेवढीच वाईट, स्पेसर लावला आणि स्टड जुनेच ठेवले तर नट तीन-चार वेढ्यांवर लटकतो. एम १२, दीड पिचच्या (१२ मिमी जाड, दर वेढ्याला दीड मिमी) स्टडला निदान आठ वेढे हवेत.

दुसऱ्या दिवशी तोच घाट उतरलो. थरथर नाही, घासणं नाही, स्टिअरिंग परत माझं. टायरमधे ३३ पीएसआय, थंड असताना मोजलेली. वळणातली पकड कालच्याएवढीच.

करणार असाल तर आधी चांगले टायर, मग शॉकअप, मग अलाइनमेंट, स्पेसर सगळ्यात शेवटी. उंची बदलली की टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलेली) बदलतो आणि अलाइनमेंट न करता लांब गेलात तर टायरची आतली कड बघता बघता संपते. आर्मच्या बुशचे (जोडावरच्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, मेकॅनिकला हे आठवण करून द्यावं लागतं. हेडलाइटचा झोत परत जुळवा. तुमच्याकडचे नियम आणि विमा स्पेसर चालवतो का तेही आधी बघा.

मागचे २० चे अजून आहेत. ते स्वतःचे स्टड असलेले, त्यांना दोन थर नट, आतले स्पेसर हबला धरतात आणि बाहेरचे चाकाला. गाडीचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर थोडे डोकावतात, चाकाच्या पाठीला तिथे खाचा आहेत म्हणून बसलं, नसतील तर चाक टेकतच नाही. बहुतेक जण बाहेरचे नट आवळून मोकळे होतात. मी घरी आल्यावर चाकं काढून आतले तपासले, सात जागेवर होते, आठवा थोडा फिरला.