घर पुण्यात, मुक्कामही पुण्यात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दरवर्षी पावसाळा सरता सरता मी पुण्यातल्याच एखाद्या मोठ्या हॉटेलात एक रात्र राहायला जाते. घर कोथरूडला, हॉटेल नदीपलीकडे. सोसायटीतल्या बायका विचारतात, भाची विचारते, जुन्या कामावरच्या मैत्रिणी तर हटकून विचारतात, "सव्वीस वर्षं हॉटेलात राबलात ना ताई? मग आता स्वतःचे पैसे घालून तिथंच कशाला जाता? घरी पलंग नाही का?"

पलंग आहे, सागवानी आहे. पण मी जाते ती दुसऱ्याच पलंगासाठी.

मी हाउसकीपिंगमध्ये होते. रूम अटेंडंट म्हणून लागले, फ्लोअर सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. लागले तेव्हा पुण्यात पंचतारांकित म्हटलं की लोकांच्या तोंडी ब्लू डायमंडचं नाव यायचं. मग हिंजवडीत आयटी आलं, चाकणला गाड्यांचे कारखाने आले, २००८ साली बालेवाडीत युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, आणि पुढच्या काही वर्षांत कोरेगाव पार्क, सेनापती बापट रस्ता, नगर रस्ता असं करत मोठाल्या हॉटेलांच्या इमारती उभ्या राहिल्या. माझ्या मजल्यावर जर्मन इंजिनिअर असायचे, कोरियन असायचे, लग्नाची अख्खी वऱ्हाडं असायची. मला मात्र माणसांपेक्षा खोल्याच जास्त आठवतात.

एका पाळीत चौदा खोल्या, गर्दीच्या दिवसांत सोळा. मुक्कामी पाहुण्याची खोली वीस-पंचवीस मिनिटांत होते, चेकआउटची असेल तर पाऊण तासही लागतो. आधी पडदे उघडायचे, मग पलंगावरचं सगळं काढून गादीला हवा लागू द्यायची, तेवढ्यात बाथरूम. बाथरूमची फडकी वेगळ्या रंगाची. कमोडचं फडकं बेसिनला लागता कामा नये, हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत तपासतात. धूळ वरून खाली पुसायची, आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे येत यायचं, म्हणजे आपलंच पाऊल आपल्या कामावर पडत नाही. चादरीचा कोपरा पाकिटाच्या तोंडासारखा दुमडून गादीखाली घालायचा, असा ताणून की रात्रभर माणूस कुशीवर वळला तरी सुटू नये. शेवटी दारात उभं राहून एकदा खोलीकडे बघायचं. तिथं आपण येऊन गेल्याची एकही खूण राहता कामा नये.

अकरा वर्षं मी स्वतः पलंग केले. हिशेब केला तर चाळीस हजारांच्या वर जातात. त्यातल्या एकावरही मी कधी टेकले नाही. बसायची परवानगीच नसते, आणि ते बरोबरच आहे. निवृत्त झाले त्या वर्षी फंडाचे पैसे आले, तेव्हा मी ठरवलं की आपण केलेलं काम कसं लागतं ते एकदा अंगाला लावून बघायचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचा तपशील.

पहिल्या मुक्कामात, आडवी झाल्यावर, मला पंधरा मिनिटांत जे कळलं ते सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं. दोन पडद्यांच्या मधून एक बारीक फट राहते, आणि पहाटेचा उजेड नेमका उशीवर येतो. पाहुणे पँट टांगायचा चिमट्याचा हँगर का मागून घेतात, किंवा कपाटातला काढून पडद्यांना का लावतात, हे मला तेव्हा उमगलं. दिव्याचं बटण हाताला लागतंय की उठून बसावं लागतंय, पाण्याची बाटली कोणत्या बाजूला आहे, एसीची हवा थेट मानेवर येते का, हे उभ्यानं काम करणाऱ्याला दिसत नाही. सकाळी मी तिथल्या सुपरवायझर मुलीला हे सांगितलं. तिनं खिशातली वही काढून लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं.

आणि चादर. लोक मला विचारतात की हॉटेलची चादर घरच्यापेक्षा वेगळी का लागते. घट्ट विणीचं सुती कापड, पांढरं, कडक इस्त्रीचं, हे तर आहेच. पण प्रत्येक पलंगामागे निदान तीन जोड असतात : एक पलंगावर, एक धुलाईत, एक फडताळात. चांगल्या हॉटेलात चार-पाच. धुतलेल्या कापडाला दोन धुलाईंच्या मध्ये विश्रांती मिळाली तर ते टिकतं आणि मऊ राहतं. आपण घरी दोनच चादरी आलटून पालटून वापरतो आणि त्या सहा महिन्यांत गोळे धरतात. जी चादर विरते तिला आम्ही कंडेम म्हणतो. तिची फडकी होतात आणि मग तीच फडकी खोल्या पुसतात. आमच्या घरी जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, तसंच हे.

पैशाचं विचारता, तेही सांगते. पुण्याची मोठी हॉटेलं कामाच्या माणसांवर चालतात. सोमवार ते गुरुवार खोल्या कंपन्यांच्या पाहुण्यांनी भरलेल्या. शनिवारी लग्नं आणि सुट्टी घालवायला आलेली मंडळी. रविवारी दुपारी सगळे निघून जातात आणि त्या रात्री मजले रिकामे असतात, म्हणून भाव बहुधा सर्वांत उतरलेला मिळतो. मी नेहमी रविवारची रात्र घेते आणि फोनवर सांगून ठेवते की लिफ्टपासून लांबची, रस्त्याच्या उलट बाजूची खोली द्या. खोलीचं भाडं रात्रीला ७५०० रुपयांच्या वर गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि अशा हॉटेलातल्या जेवणावरही १८ टक्केच. तो धरूनच पैसे बाजूला काढावेत. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज घातलेला असेल तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच हॉटेलांना तो आपोआप लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. मी तो काढायला लावते आणि तेवढे पैसे पाकिटात घालून उशीवर ठेवते. पाकिटावर लिहिते, 'खोली आवरणाऱ्यासाठी'. हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे. नुसती नोट टेबलावर ठेवून गेलात तर प्रामाणिक अटेंडंट ती विसरलेली वस्तू म्हणून जमा करते. मी स्वतः कितीतरी नोटा अशा जमा केल्या आहेत.

जेवणाबद्दल थोडंसंच. फाइन डाइन म्हटलं की लोक ताटातल्या एवढ्याशा घासाबद्दल बोलतात. मी वाढणाऱ्याकडे बघते. पूर्वी आमच्याकडे पंगतीत चांगला वाढपी ओळखू यायचा तो पानाकडे बघण्यावरून. कोणाचं वरण संपलंय, कोण भातासाठी थांबलंय, कोणाला पुरे झालंय पण बोलवत नाहीये. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, हा क्रम त्याच्या हातात बसलेला असायचा. मोठ्या हॉटेलातला चांगला वेटर तसाच असतो. तुम्ही बोलत असलात तर तो मध्ये येत नाही, एकाचं खाणं चालू असताना दुसऱ्याची ताटली उचलत नाही, ग्लास अर्ध्यावर आला की येतो. हे सगळीकडे मिळत नाही. एके ठिकाणी सात पदार्थ आले, प्रत्येकाचं वर्णन पाठ म्हटल्यासारखं ऐकवलं, आणि पाणी दोनदा मागावं लागलं. तिथं मी परत गेले नाही. उलट दुसरीकडे चतुर्थी होती आणि मी आदल्या दिवशी नुसतं सांगून ठेवलं होतं, तर शेफनं साबुदाण्याची खिचडी केली, तुपात, जिऱ्यावर, बटाटा बारीक चिरून, आणि स्वतः बाहेर येऊन विचारलं, दाण्याचं कूट पुरेसं आहे का. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात एका माणसाचा उपास लक्षात राहतो, ह्याचे पैसे द्यायला मला काहीच वाटत नाही.

गेल्या वर्षी आईला घेऊन गेले. तिचं वय ब्याऐंशी.

माझी आई मालिश करायची. कसब्यात, शनिवारात, नारायण पेठेत, बाळंतिणींच्या घरी सव्वा महिना रोज सकाळी जायची. बाळंतिणीला तेल, बाळाला तेल, पाय पसरून त्यावर बाळाला घेऊन अंघोळ, मग ओवा-बाळंतशेपांची धुरी आणि शेक. तिळाचं तेल थंडीत, खोबरेल उन्हाळ्यात. दिवसाला चार-पाच घरं. तिच्या अंगाला तेल मात्र वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीला, तेही तिचं तिनंच लावलेलं.

स्पा हा शब्द तिला माहीत नव्हता. मी म्हटलं, मालिश आहे. ती म्हणाली, "मला कोण करणार मालिश?" आधी एक अर्ज भरून घेतात : रक्तदाब आहे का, ऑपरेशन झालंय का, कुठं दुखतं. ज्या ठिकाणी हे विचारत नाहीत तिथून उठून यावं असं माझं स्पष्ट मत आहे. आईचे गुडघे आणि रक्तदाब बघून तिथल्या बाईंनी सांगितलं की पूर्ण अंगाचं नको, हलक्या हातानं पाय, पाठ आणि डोकं करू. यादीत नावं बरीच होती, स्वीडिश, डीप टिश्यू. आम्ही अभ्यंग घेतलं, तिळाच्या तेलाचं, कारण आईनं वास घेऊन तेच निवडलं.

करणारी मुलगी मिझोरामची होती, चोविशीची असेल. मी शेजारी खुर्चीवर बसायची परवानगी मागून घेतली होती. तिनं आधी स्वतःचे हात गरम पाण्यानं धुतले, तेल वाटीत कोमट केलं, आणि पहिले दोन-तीन मिनिटं तळवे नुसते पाठीवर ठेवले. आई पालथी होती. तिच्या खांद्यांत सुरुवातीला केवढा ताठरपणा! कोणी हात लावायची तिला सवयच नाही. मग कधीतरी तो सैल झाला. मला वाटलं झोपली. पण ती जागी होती आणि हात मोजत होती. मुलगी टाचेशी आली तशी आई म्हणाली, "हिचा उजवा अंगठा दुखतो."

मी हिंदीत विचारलं. मुलगी थांबली. म्हणाली, हो, दोन महिने झाले.

मालिश संपल्यावर आई उठून बसली, टॉवेल गुंडाळलेला, केस तेलानं चपचपीत, आणि तिनं त्या मुलीचा हात आपल्या हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं. मग स्वतःचे दोन्ही अंगठे दाखवले, गाठी आलेले, वाकडे झालेले. "अंगठ्यानं जोर नको लावू पोरी. तळव्याची गादी वापर, कोपर वापर, अंगाचं वजन टाक. अंगठा नुसता वाट दाखवायला." मी हिंदीत सांगत गेले, पण फारसं सांगावं लागलं नाही. आईनं तिला माझ्याच पोटरीवर करून दाखवलं, आणि तिनं लगेच तसं करून बघितलं. पुढची पाहुणी बाहेर थांबलेली, तरी दोघी दहा मिनिटं तिथंच.

त्या रात्री आई माझ्या आधी झोपली. पडद्यांना मी हँगर लावून ठेवले होते.

सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर तिनं पलंग आवरून ठेवलेला. दुलई घडी घालून, उशा एकावर एक. मी तिला सांगितलं की चेकआउटच्या दिवशी पलंग आवरू नये. आवरणारीला सगळं काढावंच लागतं, आणि आवरलेला दिसला की वापरलेलं कोणतं ते शोधत बसावं लागतं. ओले टॉवेल बाथरूममध्ये एका ठिकाणी ठेवायचे, कचरा डब्यात, बस. मग आम्ही दोघींनी मिळून चादरी काढल्या आणि दाराशी गठ्ठा ठेवला. पाकीट उशीवर ठेवलं.

बॅग घेऊन निघालो तर कॉरिडॉरमध्ये ट्रॉली उभी होती आणि अटेंडंट शेजारच्या खोलीतून बाहेर येत होती. लातूरकडची असावी बोलण्यावरून. आईनं तिला विचारलं, "किती खोल्या गं आज?"

"पंधरा, आजी."

"मग दोन मिनिटं बस की."

ती हसली. ड्युटीवर बसत नाहीत, मला माहीत होतं. पण आईनं आमच्या खोलीतली न उघडलेली पाण्याची बाटली आणून तिच्या हातात दिली, आणि ट्रॉलीला टेकून, उभ्या उभ्याच, ती सगळी प्यायली.