आल्समेरला जाताय? बॅगेत फुलं नेऊ नका

नेदरलँड्समधल्या आल्समेरच्या फुलांच्या लिलावाला तळेगावहून निघताना तिघांनी सांगितलं होतं, "एक बंच तर आहे, कोण विचारतंय?" शिफोल विमानतळावर विचारलं. टॉप सिक्रेट या लाल गुलाबाच्या वीस दांड्या रात्री दोनपर्यंत कोल्ड स्टोअरमध्ये ठेवून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेल्या होत्या. तिथल्या बाईंनी कागद उलगडला, एक कळी बोटाने हलकेच दाबून बघितली आणि फायटो, म्हणजे माल रोग-कीडमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, मागितला. नाही म्हटल्यावर अख्खा बंच शेजारच्या पिंपात गेला. चार महिने जपलेल्या बेडवरची फुलं होती ती. अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

नियम सरळ आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ताज्या वनस्पतीला फायटो लागतो, प्रवाशाच्या बॅगेतल्या फुलांनासुद्धा. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. नमुने दाखवायचेच असतील तर फायटो काढूनच निघा. तो माल देशाबाहेर पडायच्या आधीच्या १४ दिवसांतलाच हवा. फार आधी काढून ठेवला तर उपयोग नाही.

दुसरी फसगत लिलावात झाली. एजंट म्हणाला होता, "हॉलमध्येच खरेदीदारांशी गाठ घालून देतो." जानेवारीच्या थंडीत पहाटे साडेपाचला उठून गेलो. वरच्या गॅलरीतून खाली बघावं तर ट्रॉल्यांच्या रांगाच रांगा, माणसं मात्र गाड्या ओढणारीच. लिलावाच्या घड्याळावरचा भाव वरून खाली उतरत येतो आणि जो आधी बटण दाबतो त्याचा माल, हे खरंच. पण बटण दाबणारे आता आपापल्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसलेले असतात. गॅलरीत उभं राहून एकही गाठ पडत नाही. खरेदीदाराची वेळ इथूनच ठरवून जा, नाहीतर लिलाव बघणं म्हणजे नुसतं बघणंच. सातला पोचा, दहानंतर फारसं काही उरत नाही. शनिवार-रविवार बंद.

आता बिल. माझी पाच खोकी कार्गोने मागून आली. त्या बिलात एक ओळ होती: प्लांट पासपोर्ट, १८० युरो. मी तिथे दुकानात एका ऑर्किडच्या कुंडीवर तो पासपोर्ट बघितला होता. छोटं लेबल, डाव्या कोपऱ्यात संघाचा झेंडा, खाली ए, बी, सी, डी: झाडाचं शास्त्रीय नाव, उत्पादकाचा नोंदणी क्रमांक, मागोवा घ्यायचा क्रमांक, मूळ देश. तो लावायच्या, वाढवायच्या रोपांसाठी असतो, संघाच्या आतल्या व्यापारात. कापलेल्या गुलाबाला तो लागतच नाही! विचारल्यावर "प्रक्रिया शुल्क" असं उत्तर आलं. पैसे गेले ते गेलेच. कापलेल्या गुलाबाच्या बिलात ही ओळ दिसली की सही करू नका. फायटो, माल पोचायच्या आधी आयातदाराने संघाच्या ट्रेसेस या ऑनलाइन प्रणालीत केलेली नोंद, तपासणीची फी आणि सीमाशुल्क, हे खर्च मात्र खरेच लागतात.

शुल्काचा सर्वसाधारण दर नोव्हेंबर ते मेअखेर ८.५ टक्के, जून ते ऑक्टोबर १२ टक्के. आपला व्हॅलेंटाइनचा हंगाम कमी दरात येतो. तुमच्या मालाला सवलतीचा दर मिळतो का, हे आयातदाराकडून लेखी घ्या. केनियाचा गुलाब मात्र शुल्काविना येतो आणि तिथल्या ट्रॉल्यांवर सगळ्यात जास्त तोच दिसतो. त्यांच्याशी भावात भांडण्यात अर्थ नाही, हे माझं स्पष्ट मत. लांब दांडी आणि मोठी कळी असेल तरच जा.

आणि गुलाबाच्या जातीची रॉयल्टी, म्हणजे ती जात तयार करणाऱ्याला द्यायचे पैसे. कलमांच्या परवान्याची पावती जवळ ठेवा. गुलाबाच्या जातीचा हक्क तिथे बरीच वर्षं चालतो आणि परवान्याशिवाय वाढवलेल्या झाडाच्या फुलांपर्यंत पोचतो. शेजाऱ्याकडून कलमाचे डोळे आणून भरलेली झाडं असतील तर तो माल पाठवू नका, हक्कदार अडवू शकतो.



परतीला विमानतळावर ट्यूलिपचे कांदे हातात घेतले होते. पिशवीवर अमेरिका-कॅनडाला चालणारं प्रमाणपत्र छापलेलं. भारतात ते चालत नाही, इथे आयात परवाना आणि फायटो दोन्ही लागतं. पिशवी परत मांडणीवर ठेवली.