कोकण रेल्वेने स्फटिक नेताना

रोहा मागे पडलं की कोकण रेल्वे सुरू होते, आणि पावसाळ्यात तिथूनच हवेची ओल अंगाला चिकटायला लागते. दरडींच्या धास्तीने गाड्या सावकाश चालतात, त्यामुळे रत्नागिरीपर्यंत एरवीपेक्षा जास्त वेळ धरायचा. सोबत नुसते कपडे असतील तर काही बिघडत नाही. आम्ही रत्नागिरीच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिकाला निघालो होतो आणि सामानात दोन स्फटिक होते. एक लँथॅनम ट्रायटेल्युराइडचा. ते दमट हवेत खराब होतं, म्हणून निर्वात काचनळीत घालून तोंड वितळवून बंद केलेलं. दुसरा स्फटिक १टी-टॅन्टलम डायसल्फाइडचा (१टी हा त्याच्या थरांच्या रचनेचा प्रकार). त्याचा जाड तुकडा बराच सोशिक. झिपची पिशवी आणि ओल शोषणारं निळं सिलिका जेल पुरतं. चिपळूण येईतो जेल गुलाबी झालं तर पिशवीत हवा शिरते आहे असं समजा.

दोन्हींत इलेक्ट्रॉनांची दाटी ठरावीक अंतराने कमीजास्त होते आणि अणूही तिच्यापाठोपाठ जागचे जरा सरकतात. हीच चार्ज डेन्सिटी वेव्ह, म्हणजे विद्युतभाराच्या दाटीची लहर. टॅन्टलमच्या स्फटिकात तेरा-तेरा अणू ताऱ्याच्या आकारात गोळा होतात. लँथॅनमच्या स्फटिकात लहर एकाच दिशेची असते. तिच्यावर काही फेम्टोसेकंदांचा (पिकोसेकंदाचा हजारावा भाग म्हणजे फेम्टोसेकंद, आणि सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाला पिकोसेकंद म्हणतात) लेसर स्पंद टाकला की ती क्षीण होते आणि तिच्या काटकोनात दुसरी लहर उगवते, जी या स्फटिकात एरवी दिसतच नाही. पहिली सावरली की दुसरी काही पिकोसेकंदांत विरते. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. त्याआधी, २०१४ साली, स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाच्या गटाने थंड केलेल्या टॅन्टलमच्या स्फटिकावर ३५ फेम्टोसेकंदांचा एकच स्पंद टाकला. त्याचा विद्युत रोध कोसळला आणि तसाच राहिला. मोजायला हीच अवस्था जास्त त्रासाची. विरणारी लहर हजारो स्पंदांची सरासरी काढून मोजता येते, टिकणारी दर वेळी पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते.

रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात मोबाइलला रेंज नसते, तेवढ्यात अशा लेसर प्रयोगाचा हिशेब होतो. त्यात एक स्पंद स्फटिकाला उत्तेजित करतो आणि दुसरा, आरशाने वाट लांबवून उशिरा पाठवलेला, मोजतो. १ पिकोसेकंद उशिरासाठी आरसा ०.१५ मिमी मागे न्यायचा, कारण प्रकाश ते अंतर जाऊन परत येतो. ०.२ मिमी व्यासाच्या ठिपक्यावर दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिज्यूल हवं तर स्पंदात ०.३१ मायक्रोज्यूल लागतं. मात्र तीव्रता शिखराच्या साडेतेरा टक्क्यांवर उतरते तिथे व्यास मोजला असेल, तर ठिपक्याच्या मध्यावर याच्या दुप्पट पडतं. मोजणाऱ्या स्पंदाचा ठिपका उत्तेजित करणाऱ्याच्या निम्म्याहून लहान ठेवा, नाहीतर कमी-जास्त उत्तेजित जागांची खिचडी हाती येते. सगळ्यात फसवी असते ती साठलेली उष्णता. उत्तेजित करणारा स्पंद पोचण्याआधीची मोजलेली पातळीच लेसरच्या शक्तीबरोबर सरकत असेल, तर दोन स्पंदांमध्ये स्फटिक थंड होत नाहीये. अशा वेळी स्पंदांची वारंवारता कमी करा, प्रत्येक स्पंदाची ऊर्जा तीच ठेवा.

रत्नागिरीच्या महाविद्यालयातलं प्रात्यक्षिक लेसरशिवायचं: टॅन्टलमच्या स्फटिकाचा रोध, चार तारा जोडून. सुमारे ३५० केल्विनला, म्हणजे ७७ अंश सेल्सियसला, साध्या हॉटप्लेटवरच रोधाची पहिली उडी दिसते. मोठी उडी थंड करताना १८० केल्विनच्या आसपास, जिथे रोध साधारण दहापट होतो. परत तापवताना तीच २२० च्या जवळ येते.

थंड करायला लागणारा द्रव नायट्रोजन गाडीतून नेऊ नका. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्यात येतोच, तिथे आधी बोलून ठेवा. स्फटिक थेट न बुडवता नळीतून वाफेत हळूहळू खाली सोडायचा, नाहीतर तारांचे चांदीच्या पेस्टचे जोड सुटतात. वर काढताना कोकणची हवा लागली की त्यावर लगेच बर्फाचा थर धरतो, आणि तो वितळला की पाण्यातूनही वीज वाहून आकडे बिघडतात. त्यामुळे नळीचं तोंड झाकून, आत कोरडा नायट्रोजन सोडत, स्फटिक खोलीच्या तापमानाला येईतो थांबायचं. आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्याचा रस्ता त्यानंतर, आणि स्फटिकांची पेटी खोलीवर ठेवूनच.