लिस्बन: एका भूकंपाच्या अलीकडे आणि पलीकडे

लिस्बन पाहायचं ते पायी. २८ नंबरची पिवळी ट्राम फोटोत छान दिसते, पण तिच्यात बसलं की सगळे चढ तीच चढते, आणि या शहराचा इतिहास तर त्या चढ-उतारांतच साठलेला आहे.

मी सुरुवात साऊं जॉर्ज किल्ल्यापासून केली. किल्ल्याच्या टेकडीवरून तेजो नदीकडे उतरणारी वस्ती म्हणजे आल्फामा. इथल्या गल्ल्यांची घडण अरब-मूर राजवटीतली. समोरून कोणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. मध्येच पायऱ्या लागतात, पायऱ्या संपतात तिथे कुणाचं तरी दार, वर दोरीवर वाळत घातलेले कपडे. ११४७ साली पोर्तुगालच्या राजाने शहर जिंकलं, तेव्हा मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभं राहिलं. गल्ल्या मात्र होत्या तशाच राहिल्या.

कॅथेड्रलपासून पश्चिमेला उतरू लागलं की जेमतेम दहा मिनिटांत पायाखालचं शहर बदलतं. वळणं संपतात, जमीन सपाट होते आणि काटकोनात आखलेले सरळ, रुंद रस्ते सुरू होतात. हा बाइशा. आल्फामा आणि बाइशा यांच्यामध्ये १ नोव्हेंबर १७५५ ही तारीख उभी आहे.

त्या दिवशी सर्व संतांचा सण होता. सकाळची प्रार्थना चालू असल्याने चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला. लोक जीव वाचवायला नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले आणि तिथेच त्यांना त्सुनामीच्या लाटांनी गाठलं. मग आगी लागल्या, त्या कित्येक दिवस धुमसत होत्या. हजारो माणसं गेली. राजा जोझे पहिला बचावला, पण त्याने दगडी छपराखाली राहण्याची अशी धास्ती घेतली की पुढे राजदरबार शहराबाहेरच्या टेकडीवर तंबू आणि लाकडी घरांत भरू लागला.

शहर पुन्हा उभारलं ते त्याच्या मंत्र्याने, म्हणजे पुढे मार्किस ऑफ पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाने. लष्करी इंजिनिअरांनी नवा नकाशा आखला. सोनारांचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता अशी धंद्यांची नावं आजही पाट्यांवर आहेत. खरी करामत मात्र भिंतींच्या आत आहे. एका गल्लीत दुरुस्ती चालू असलेल्या इमारतीचं दार उघडं होतं, म्हणून ती पाहायला मिळाली. भिंतीचा गिलावा काढलेला होता. आत उभ्या-आडव्या लाकडी वाशांची चौकट, प्रत्येक चौकोनात फुलीसारखे तिरपे वासे, मधल्या जागेत दगडविटांचा भराव. याला पिंजरा म्हणतात. जमीन हलली की लाकूड लवतं, आणि वरचा दगडी भाग पडला तरी सांगाडा उभा राहतो, अशी त्यामागची कल्पना. नमुना तयार झाल्यावर त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला, असं सांगतात. अठराव्या शतकात, तेही एवढ्या आघातानंतर, इतकं शांत डोक्याने काम केलेलं पाहून मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटला.

बाइशाच्या वरच्या अंगाला कार्मोचा मठ आहे. भूकंपात त्याच्या चर्चचं छप्पर कोसळलं, ते पुन्हा कधीच पूर्ण घातलं नाही. दोन्ही बाजूंना खांब, वर टोकदार कमानींच्या नुसत्या फासळ्या आणि त्यांच्यामधून थेट आभाळ. मी वसईची. आमच्या किल्ल्यातही पोर्तुगीजांची बिनछपराची चर्च आहेत, लहानपणी त्यांतच खेळलो. १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेलेली वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतली. त्यानंतर सोळाच वर्षांनी खुद्द पोर्तुगीजांच्या राजधानीतली चर्च अशी उघडी पडली, हे कार्मोत उभं असताना पहिल्यांदा जाणवलं. इथे पडझड जपून तिचं संग्रहालय केलंय. आमच्याकडे भिंतींतून झाडांची मुळं निघताहेत. या गोष्टीचा मला फार त्रास होतो.

रोसियू चौकात फरसबंदीच्या काळ्या-पांढऱ्या लाटा आहेत. जवळच्याच एका फुटपाथवर तिची दुरुस्ती चालली होती. कारागीर बुटक्या स्टुलावर बसून पांढरा चुनखडीचा तुकडा तळहातावर धरायचा, हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके देऊन कोपरा उडवायचा आणि तुकडा वाळूत बसवायचा. पावसात हे दगड भलतेच निसरडे होतात, तेव्हा पक्क्या तळाचे बूट घाला.

याच चौकाच्या एका टोकाला, आज जिथे नाट्यगृह आहे, तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचा वाडा होता. १५६० मध्ये गोव्यात जे न्यायासन बसलं त्याची नाळ इथली. पलीकडे साऊं दोमिंगुश चर्चसमोर १५०६ च्या कत्तलीत मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. चर्चच्या आत १९५९ च्या आगीत तडकलेले खांब तसेच ठेवलेत. घाईत असाल तरी इथे आत जाऊन याच.

वास्को द गामाची कबर लिस्बनच्याच बेलें भागातल्या जेरोनिमुश मठात आहे. तिथवर चालत जाण्याचा हट्ट नको, १५ नंबरची ट्राम सोयीची. बाकीचा फेरा मात्र सकाळी किल्ल्यापासून उतरत सुरू करा, म्हणजे कार्मोचा चढ तेवढा शेवटी उरतो. कार्मो रविवारी बंद असतं, तो वार टाळा.