पिपचा रिझॉल्व्हर बदलायचा प्लॅन, आणि त्यात कोड सोडून बाकी सगळं

पॅकेज मॅनेजरमध्ये नवीन काही टाकणं त्यामानाने सोपं असतं, लोकांची जुनी सवय काढून घेणं महाकठीण. हे मत माझं आधीपासूनच होतं, पण पायथनच्या पिपने (दुसऱ्यांनी लिहिलेली पॅकेजेस उतरवून बसवणारं टूल) २०२० मध्ये रिझॉल्व्हर (कुठल्या पॅकेजचं कुठलं व्हर्जन घ्यायचं ते ठरवणारा भाग) कसा बदलला ते सगळं नीट वाचल्यावर अजून पक्कं झालं. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पोरांपासून आयटीतल्या मंडळींपर्यंत सगळे पिप इन्स्टॉल मारतात आणि पुढे जातात, मागे कोणी काय प्लॅनिंग केलंय ह्याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं, म्हणून लिहितोय.

तर जुना पिप काय करायचा? समजा तुमच्या एका पॅकेजला बोटोकोअर ह्या लायब्ररीचं नवं व्हर्जन हवंय आणि दुसऱ्याला जुनंच हवंय, तर जो आधी भेटला त्याचं ऐकायचं आणि दुसऱ्याला वाऱ्यावर सोडायचं. फारतर शेवटी एखादी वॉर्निंग, ती कोण वाचतंय. इन्स्टॉल सक्सेसफुल म्हणून सांगायचा आणि मग प्रोग्रॅम चालवल्यावर कुठेतरी खोलात जाऊन आपटायचं. गिटहबवर ९८८ नंबरचा इश्यू, पिपला खराखुरा डिपेंडन्सी रिझॉल्व्हर पाहिजे असं सांगणारा, २०१३ पासून उघडा होता. म्हणजे प्रॉब्लेम माहीत नव्हता असं अजिबात नाही. २०१७ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये एका भारतीय विद्यार्थ्याने ह्यावर काम केलं (पुढे तो पिपचा मेंटेनरच झाला), तरी प्रत्यक्ष रिझॉल्व्हर बदलायला २०२० चा शेवट उजाडला.

एवढा उशीर का? एक कारण म्हणजे पायथनची पॅकेजेसच तशी आहेत. डेबियन लिनक्सच्या एपीटी ह्या पॅकेज मॅनेजरला इंडेक्सच्या फाइलमध्येच दिसतं की कुठल्या पॅकेजला काय काय लागतं, सगळं आधीच समोर. पायपीआयचं, म्हणजे पिप जिथून पॅकेजेस उतरवतो त्या साठ्याचं, तेव्हा खानावळीसारखं होतं, पदार्थ मागवून ताटात आल्याशिवाय त्यात काय घातलंय ते कळायचंच नाही. व्हर्जन डाउनलोड करा, सोर्सवालं असेल तर त्याचा सेटअपचा कोड चालवा, मग कळणार की ह्याला अमुक लागतं, आणि ते जमत नसेल तर मागे फिरून त्याच्या आधीचं व्हर्जन उतरवा. बोटोकोअरसारख्या पॅकेजची व्हर्जन्स इतकी धडाधड येतात की मागे मागे जात बसलं तर चहा पिऊन येईस्तोवर पिप तिथेच. मेटाडेटाची (पॅकेजला काय काय लागतं ते सांगणारी) फाइल वेगळी द्यायची सोय पायपीआयवर यायला २०२३ उजाडलं.

दुसरं कारण पिपचा स्वतःचा कोड. डाउनलोड करणं, बिल्ड करणं आणि काय बसवायचं ते ठरवणं, सगळं एकमेकांत गुंतलेलं, ते सोडवल्याशिवाय नवीन रिझॉल्व्हर बसवणार कुठे? आणि सोडवायला गेलं की काहीतरी तुटणार. २०१८ मध्ये पिप १० आला तेव्हा आतला सगळा कोड इंटर्नल म्हणून बाजूला केला. लायब्ररी म्हणून, म्हणजे स्वतःच्या कोडमधून, पिप वापरू नका हे ते आधीपासून सांगत होते, तरी लोक वापरत होतेच, त्यांच्या स्क्रिप्ट गेल्या. उबंटूवर ज्याने सिस्टिमचा पिप त्याच पिपने अपग्रेड केला त्याला 'मेन इम्पोर्ट होत नाही' वाला एरर भेटलाच असणार. आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तेव्हा पिपला शिव्या घातल्या होत्या.

म्हणून २०२० चा प्लॅन मला आवडतो. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनला पिपसाठी ४,०७,००० डॉलर मिळाले, त्यातले २,०७,००० मोझिलाच्या ओपन सोर्स फंडातून आणि २ लाख चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्हकडून. आपल्याकडे असा पैसा आला असता तर सगळा कोडरवर गेला असता असं मला वाटतं. इथे प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि युजर रिसर्चसाठीही माणसं घेतली. लोकांशी बोलायचं, सर्व्हे घ्यायचे, दोन पॅकेजेसचं भांडण झालं तर पिपने काय करावं असं तुम्हाला वाटतं ते विचारायचं, एरर मेसेज वाचून कळतोय का ते बघायचं. काहींना हा फालतू खर्च वाटेल, मला उलट वाटतं की सगळ्यात कामाचा पैसा हाच. अल्गोरिदम अवघड आहेच, डिपेंडन्सी सोडवणं हा एनपी-कम्प्लीट, म्हणजे पसारा वाढला की कॉम्प्युटरलाही भयंकर वेळ लागू शकणारा, प्रकार आहे, पण रिझॉल्व्हलिब नावाच्या वेगळ्या लायब्ररीत तो लिहून झाला. लाखो मशीनवर गेली कित्येक वर्षं चुकीचं पण 'चालतंय' असं जे पडलंय, त्याचं काय करायचं ह्याला लायब्ररी नसते.

आणलाही टप्प्याटप्प्याने. एप्रिलच्या २०.१ मध्ये अगदी कच्चा, जुलैच्या २०.२ मध्ये फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) लावून बीटा, सोबत सांगणं की आधी पिप चेक चालवून तुमच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये काय काय मोडलेलं आहे ते बघा. ऑक्टोबरच्या रिलीजमध्ये नवीन रिझॉल्व्हर डिफॉल्ट करायचा होता, तो झाला ३० नोव्हेंबरला, २०.३ मध्ये. पायथन २ ह्या जुन्या व्हर्जनवाल्यांना मुद्दाम जुनाच ठेवला, कारण पुढच्याच जानेवारीत २१.० मधून पायथन २ जाणारच होतं, मग जाता जाता त्यांना कशाला छळायचं. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

तरी बोंबाबोंब झालीच. कॉन्स्ट्रेंट्सच्या (व्हर्जनवर मर्यादा घालणाऱ्या) फाइलमध्ये लोक काय वाट्टेल ते लिहून ठेवत होते, नवीन रिझॉल्व्हर तिथे कडक झाला, कोणाचं सीआय (आपोआप बिल्ड-टेस्ट चालवणारी सिस्टिम) तासन्‌तास अडकलं, डिसेंबरातच २०.३.१ पासून २०.३.३ पर्यंत तीन दुरुस्त्या आल्या. पण परत फिरायला लेगसी म्हणजे जुन्या रिझॉल्व्हरचा फ्लॅग ठेवलेला होता, त्यामुळे काम अडलेल्यांना निदान वाट होती. हा फ्लॅग लवकरच काढणार असं म्हणत होते, २०२३ मध्येही तो होताच. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं काढायची तारीख कोणालाच पाळता येत नाही, पिपवाल्यांनाही नाही.

आता २०२४ पासून यूव्ही आलाय, पिपचंच काम करणारा, रस्ट भाषेतला, भन्नाट फास्ट, मीही नवीन प्रोजेक्टला तोच वापरतो. कोणी पिपला हसतं तेव्हा मात्र मी एवढंच विचारतो की यूव्हीला पहिल्या दिवशी कोणाची पायथन २ ची स्क्रिप्ट सांभाळायची होती का.